पाठपट्टी

वैशाख सरत आला की भिलाईच्या कुरुद वस्तीत दुपारी बाराच्या पुढे रस्त्यावर माणूस दिसेनासा होतो. जामूलच्या सिमेंट कारखान्याच्या बाजूने येणारी धूळ आणि मालमोटारींनी उडवलेली माती तापलेल्या हवेत तरंगत राहते, आणि नवतपाच्या नऊ दिवसांत पारा 45 अंशांच्या आसपास जाऊन तेथेच मुक्काम करतो. या दिवसांत आमच्या मुलखात, म्हणजे नागपुरापासून रायपुरापर्यंतच्या सबंध पट्ट्यात, ‘कूलर’ हा शब्द उच्चारला की खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसवलेला आणि तीन बाजूंना गवताच्या ताट्या लावलेला पत्र्याचा खोकाच प्रथम डोळ्यांपुढे उभा राहतो. हा खोका कोणीही विचारी गृहस्थ खिडकीच्या चौकटीला नुसता टांगत नाही. त्याचे वजन किती, पाणी भरल्यावर ते किती वाढेल, पंखा फिरू लागला म्हणजे तो किती थरथरेल, याचा अंदाज बांधून आधी स्टँडची तजवीज केली जाते आणि मगच कूलर खिडकीशी येतो. आधार आधी आणि भार नंतर, हा शिरस्ता येथे शाळेची पायरी न चढलेल्या मजुरालाही ठाऊक आहे.

त्याच घरात, त्याच खोलीत, टेबलाशेजारी ठेवलेल्या संगणकाच्या पेटीतही एक कूलर असतो. प्रोसेसर नावाचा जो तळहातावर सहज मावणारा चौकोनी तुकडा संगणकाचे सारे गणित करतो, त्याच्यावर हा बसवलेला असतो. धातूच्या पातळ पाकळ्यांचा मनोरा, त्यातून आरपार गेलेल्या तांब्याच्या नळ्या आणि बाजूला जोडलेला पंखा, अशी त्याची रचना. प्रोसेसरबरोबर आलेला लहान कूलर बाजूला ठेवून गिऱ्हाईक जेव्हा स्वतंत्रपणे विकत घेतलेला मोठा कूलर बसवून घेते, तेव्हा त्याच्या खोक्यात बहुधा पोलादाची किंवा कठीण प्लास्टिकची एक चौकट निघते. प्रोसेसर ज्या पाटीवर बसतो त्या मदरबोर्डाच्या पाठीमागे ती लावावयाची असते. तिचे रूढ नाव बॅकप्लेट. मी तिला पाठपट्टी म्हणेन. एकदा बसवून पेटीचे झाकण लावले की ही पट्टी पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडत नाही, आणि दृष्टीस पडत नाही म्हणूनच घाईत असलेल्या हातांना ती वगळण्याचा मोह होतो. त्या मोहाने काय नुकसान होते आणि ते का होऊ देऊ नये, हे सांगण्यासाठी मी आज ही कैफियत वाचकांपुढे मांडत आहे.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाच्याने अभियांत्रिकीच्या अभ्यासासाठी एक संगणक दूरच्या शहरातील दुकानातून जोडून मागवला. पैसे त्याने दोन वर्षे शिकवण्या घेऊन साठवले होते. पेटी पार्सलाने आली, दिवे लागले, पडद्यावर चित्र उमटले, आणि घरात पेढे वाटले गेले. तिसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. “मामा, चालू केला की दहा मिनिटांत आपोआप बंद पडतो. पंखा तर फिरतोय,” असे तो म्हणाला. माझी उमेदीची वर्षे यंत्रांची जोडणी करण्यात गेलेली असल्यामुळे, यंत्र जे सांगते ते आधी डोळ्यांनी ऐकावे अशी मला सवय आहे. आम्ही पेटीचे झाकण काढले. आत पाऊण किलोच्या आसपास वजनाचा तो मनोरा एका बाजूला झुकलेला होता. त्याला धरून ठेवण्यासाठी हलक्या कूलरांना लावतात त्या प्लास्टिकच्या चार खुंट्या वापरलेल्या होत्या, आणि प्रवासातील हादऱ्यांनी त्यांतील दोन भोकांतून निसटून आल्या होत्या.

आम्ही तो मनोरा उचलला तेव्हा प्रोसेसरवरील उष्णतावाहक राखाडी लेपाचा ठसा एकाच कोपऱ्यात चेपलेला दिसला. उरलेल्या भागावर लेप जसा घातला होता तसाच अस्पर्श होता. मदरबोर्डाला त्या जागी बाक आला होता. मग भाच्याने कूलरचे मूळ खोके आणले. त्याच्या तळाशी, कंपनीने बंद केलेल्या पारदर्शक पिशवीत, पोलादी पाठपट्टी, चार स्क्रू, चार वॉशर आणि घडी घातलेला सूचनांचा कागद असे सर्व साहित्य जसेच्या तसे पडून होते. गिऱ्हाइकाने मोजलेल्या पैशांत ती पट्टीही होती. तिला पिशवीतून बाहेर काढण्याचे श्रम तेवढे कोणी घेतले नव्हते. आम्ही त्या सायंकाळी ती यथाविधि बसवली आणि प्रोसेसरचे तपमान ताळ्यावर आले. परंतु मेमरीची एक खाच, जी त्या वाकलेल्या भागाच्या जवळ होती, ती पुन्हा जिवंत झाली नाही. एका मुलाच्या दोन वर्षांच्या बचतीतील काही अंश असा दहा मिनिटांच्या आळसापायी गेला, याचे मला आजही वाईट वाटते.

आता या पट्टीचे प्रयोजन काय, हे मुळापासून पाहू. प्रोसेसरमध्ये उष्णता निर्माण करणारा सिलिकॉनचा प्रत्यक्ष तुकडा बोटाच्या नखाएवढा असतो, आणि साध्या संगणकातही तो 65 वॅटच्या आसपास वीज खाऊन ती सर्वच्या सर्व उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतो; बलाढ्य प्रोसेसरांच्या बाबतीत हा आकडा थोड्या वेळापुरता 250 वॅटच्याही वर जातो. जुन्या काळच्या शंभर वॅटच्या दिव्याला हात लावून ज्याने चटका घेतला असेल, त्याने तसे दोन दिवे एका नखावर ठेवल्याची कल्पना करावी. ही उष्णता वरच्या धातूत क्षणोक्षणी शिरली पाहिजे. ती शिरली नाही तर प्रोसेसर सुमारे 95 ते 100 अंशांच्या मर्यादेला पोहोचून प्रथम आपली गती आपणच कमी करतो, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर स्वसंरक्षणासाठी यंत्र बंद करतो. भाच्याचे यंत्र दहा मिनिटांत बंद पडत होते ते याच कारणाने.

येथे आमच्या उन्हाळ्याचा हिशेब फार महत्त्वाचा आहे. उष्णता किती वेगाने वाहून जाईल हे दोन ठिकाणच्या तपमानांतील अंतरावर अवलंबून असते. खोली 20 अंशांवर असेल आणि प्रोसेसरची मर्यादा 100 अंशांची असेल, तर हाताशी 80 अंशांचे अंतर असते. तीच खोली मे महिन्यात 40 अंशांवर गेली की अंतर 60 अंशांवर येते. याचा अर्थ असा की हिवाळ्यात जो कूलर जेवढी उष्णता वाहून नेऊ शकतो, तोच कूलर उन्हाळ्यात तिच्या तीन चतुर्थांशच वाहून नेईल. थंड देशात थोडीशी सैल राहिलेली जोडणी खपून जाते, कारण तेथे हाताशी शिल्लक मोठी असते. दुर्ग, राजनांदगाव, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर या मुलखात ती शिल्लक निसर्गानेच आधी खर्च करून टाकलेली असते. म्हणून काटेकोर जोडणीची गरज आपल्याला इतरांहून अधिक आहे.

दोन धातू एकमेकांवर ठेवले म्हणजे ते सर्वत्र टेकले, अशी आपली समजूत असते. फिटरचे काम शिकलेल्या माणसाला ती समजूत किती फसवी आहे हे ठाऊक असते. आयटीआयमध्ये फिटरच्या विद्यार्थ्याला पहिल्या महिन्यांत कानस चालवून एक पृष्ठभाग सपाट करावयास लावतात, आणि तो सपाट झाला की नाही याची खातरजमा करण्यासाठी सरफेस प्लेटवर प्रशियन ब्लूचा अत्यंत पातळ थर देऊन त्यावर तो तुकडा घासतात. जेथे उंचवटा असेल तेथे निळा डाग उमटतो आणि जेथे खोलगटपणा असेल ती जागा कोरी राहते. डोळ्यांना आरशासारखा दिसणारा पृष्ठभाग त्या निळाईत किती ओबडधोबड ठरतो, हे ज्याने एकदा पाहिले तो पुन्हा डोळ्यांच्या साक्षीवर विसंबत नाही. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्येही असेच सूक्ष्म खळगे असतात आणि त्यांत हवा अडकते. हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक आहे. तांब्याशी तुलना केली तर तिची वहनक्षमता सुमारे पंधरा हजारपटींनी कमी भरते. ते खळगे भरून काढण्यासाठी थर्मल पेस्टचा लेप देतात. हा लेप हवेपेक्षा शेकडो पटींनी चांगला, पण धातूपेक्षा अनेक पटींनी हलका वाहक असतो. म्हणून तो असावा लागतो आणि शक्य तितका पातळही असावा लागतो. लेप पातळ करण्याचा एकच उपाय आहे, तो म्हणजे सर्व बाजूंनी सारखा आणि पुरेसा दाब.

दाबाचा प्रश्न आला की त्याच्या मागोमाग आधाराचा प्रश्न आलाच. वरून दाबावयाचे तर खालून कोणीतरी तितक्याच जोराने धरले पाहिजे. मदरबोर्डाची पाटी काचतंतू आणि राळ यांच्या थरांची बनलेली, जेमतेम दीड-पावणेदोन मिलिमीटर जाडीची असते. तिच्या अंगात केसासारख्या बारीक तांब्याच्या वाटा असतात आणि अंगावर शेकडो सूक्ष्म डाखकामे असतात. चार भोकांतून चार स्क्रू काढून ते नुसत्या पाटीवर आवळले, तर चारही कोपरे खेचले जातात, मधला भाग उलट दिशेने फुगतो, डाखकामांवर ताण येतो आणि दाब असमान होतो. पाठपट्टी हा सारा ताण स्वतःच्या अंगावर घेते. स्क्रू पाटीला न ओढता पट्टीला ओढतात. पट्टी ताठ असल्यामुळे तो जोर ती सबंध क्षेत्रावर वाटून देते, आणि मधली पाटी दोन्ही बाजूंनी धरली गेल्यामुळे सरळ राहते.

आपल्या घरांतील स्त्रियांना हे तत्त्व पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. कानातील कुडी कितीही पाणीदार मोत्यांची असली तरी तिला कानाच्या पाळीमागे मळसूत्राची फिरकी लागतेच. ती सैल झाली तर लग्नघरातून परतताना मोती वाटेत कोठे पडले हे कळतही नाही. कुडी जड असेल तर केवळ फिरकीवर भार न टाकता केसांत अडकवलेल्या सोन्याच्या वेलाने तिला वर तोलून धरतात, कारण नुसत्या पाळीने तो भार सोसला तर पाळीच ओघळते. दागिन्याची शोभा समोर आणि त्याची सुरक्षितता मागे, ही समज ज्या आजीच्या हाताला होती, तिला पाठपट्टीचे महत्त्व सांगावयास कोणा अभियंत्याची गरज पडली नसती.

आमच्या भिलाईला तर हे तत्त्व पोलादात घडवलेले दिसेल. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि तेव्हापासून या गावाची ओळख देशाला रेल्वेचे रूळ पुरवणारे गाव अशी झाली. आता येथून 260 मीटर लांबीचे जोडून केलेले रूळ रवाना होतात. परंतु जेथे जेथे दोन रूळ बोल्टांनी सांधावे लागतात, तेथे आजही फिशप्लेट वापरतात. ही पट्टी कधी एका बाजूला लावीत नाहीत. रुळाच्या या अंगाला एक आणि त्या अंगाला एक अशा दोन पट्ट्या, त्यांच्यामधून आरपार गेलेले बोल्ट आणि मध्ये घट्ट धरलेले रूळ, अशी ती योजना असते. समोरची पट्टी पुरेशी आहे, मागची काढून घेऊ, असा विचार जर एखाद्या गँगमनने केला, तर त्याची चौकशी होईल आणि ती व्हावीही. ज्या गावाने सांधा म्हणजे काय हे देशाला शिकवले, त्या गावाच्या घराघरांत शिरणाऱ्या यंत्रांचे सांधे अर्धवट असावेत, ही गोष्ट मला मनापासून खुपते.

हे सांगताना दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. इंटेल कंपनीने 2004 साली एलजीए 775 हे सॉकेट, म्हणजे मदरबोर्डावरील प्रोसेसरची बैठक, आणले, तेव्हापासून तिच्या प्रोसेसरांबरोबर येणारे लहान कूलर प्लास्टिकच्या चार खुंट्यांवरच बसवले जात आले आहेत, आणि कोट्यवधी यंत्रे त्यांच्यावर बिनतक्रार चालली आहेत. चारही खुंट्या एकाआड एक, तिरप्या जोडीने दाबून पूर्ण बसवल्या आणि पाठीमागून त्यांची टोके फाकलेली पाहून घेतली, तर हलक्या कूलरासाठी ती व्यवस्था पुरेशी आहे. माझी तक्रार त्या खुंट्यांविरुद्ध नाही. त्या ज्या भारासाठी घडवल्या त्याच्या दुप्पट-तिप्पट भार त्यांच्यावर लादला जातो, ही माझी तक्रार आहे. मोठ्या कूलरांपैकी नॉक्टुआचा एनएच-डी15 पंख्यांसह 1320 ग्रॅम भरतो. म्हणजे सव्वा किलोहून अधिक वजन उभ्या पाटीवरून आडवे लोंबत असते, आणि ते पाटीपासून दूरवर पसरलेले असल्यामुळे तरफेच्या न्यायाने त्याची ओढ आणखी वाढते. एवढा भार प्लास्टिकच्या फाकलेल्या टोकांवर सोपवून, वर पुन्हा ते यंत्र पार्सलाच्या मोटारीत शेकडो मैल धाडणे याला साहस म्हणता येणार नाही. ती बेफिकिरी आहे.

दुसरा आक्षेप असा येतो की सॉकेटे वारंवार बदलतात, प्रत्येकाची भोके निराळी, मग जुळणारी पट्टी दरवेळी आणावयाची कोठून. या म्हणण्यात तथ्य आहे, परंतु त्याचे उत्तर अवघड नाही. इंटेलच्या 1156 पासून 1200 पर्यंतच्या सॉकेटांत भोकांमधील अंतर 75 मिलिमीटर होते. 2021 साली आलेल्या 1700 मध्ये ते 78 मिलिमीटर झाले, आणि 2024 सालच्या 1851 मध्ये तेच कायम राहिले. फरक तीन मिलिमीटरांचा असला तरी तो भोकांना जुळवून घेण्यासाठी स्क्रू तिरपे ओढणे म्हणजे पाटीवर कायमचा ताण ठेवणे होय. शिवाय 1700 मध्ये प्रोसेसरची उंचीही किंचित कमी झाल्यामुळे जुन्या चौकटीने पुरेसा दाब बसत नाही. एएमडीच्या एएम4 सॉकेटात भोकांची मापे 54 आणि 90 मिलिमीटर आहेत, आणि 2022 सालच्या एएम5 मध्येही तीच राखली आहेत. मात्र एएम4 च्या मदरबोर्डाबरोबर येणारी पाठपट्टी केवळ समोरच्या चार स्क्रूंनीच धरलेली असते, म्हणून ते काढताच ती मागे गळून पडते. एएम5 मध्ये ती सॉकेटाशीच जखडलेली असून काढावयाची नसते. म्हणून जे कूलर स्वतःची पट्टी आणतात ते एएम5 वर बसत नाहीत, आणि जे मदरबोर्डाची मूळ पट्टी वापरतात ते बसतात. एवढे ज्ञान जोडणी करणाऱ्याला असावे ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही. शिंप्याने कापड बेतण्याआधी माप घ्यावे इतकीच ती आहे.

प्रत्यक्ष जोडणीची रीतही मी येथे थोडक्यात सांगतो, कारण जे काम आपण दुसऱ्याकडून करून घेतो त्याची पद्धत ठाऊक असलेले गिऱ्हाईक फसत नाही. प्रथम सूचनांचा कागद वाचावा आणि सॉकेटाचे नाव व पट्टीवरील भोकांच्या खुणा जुळवून पाहाव्यात. शक्य तर पट्टी मदरबोर्ड पेटीत बसवण्यापूर्वीच लावावी; तो आधीच बसवलेला असेल तर आजच्या बहुतेक कॅबिनेटांत मागच्या पत्र्याला त्यासाठीच एक खिडकी ठेवलेली असते. पट्टी पोलादाची असेल तर तिच्यावर विजेला रोधणारा रबराचा किंवा प्लास्टिकचा थर पाटीकडे तोंड करून आहे याची खात्री करावी, नाहीतर पाठीमागच्या डाखकामांना धातू टेकून यंत्र कायमचे निकामी होण्याचा धोका असतो. कूलरच्या तळाला चिकटवलेली पारदर्शक फिल्म काढावी. ती तशीच ठेवून कूलर बसवण्याची चूक अनुभवी हातांकडूनही होते. लेप हरभऱ्याच्या डाळीएवढा पुरतो. मोठ्या प्रोसेसरास थोडा अधिक घालावा.

मग स्क्रू आवळताना घाई करू नये. एक स्क्रू पूर्ण आवळून दुसऱ्याकडे वळले तर कूलर एका अंगावर कलंडतो आणि लेप एका बाजूला पळतो. म्हणून एका कोपऱ्याला दोन वळसे द्यावेत, मग त्याच्या समोरच्या तिरप्या कोपऱ्याला दोन, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांना दोन-दोन, अशा फेऱ्या करीत सर्व बाजू एकदम खाली आणाव्यात. मोटारीचे चाक बसवताना नट असेच तिरप्या जोडीने आवळतात, आणि कारणही तेच आहे. चांगल्या कूलरांच्या स्क्रूंना स्प्रिंग असते आणि ठराविक खोलीवर ते आपोआप थांबतात. तेथे हाताने थांबावे आणि पेचकसावर जोर करू नये. ढिले ठेवणे जसे वाईट, तसेच ताकदीच्या भरात अति आवळणेही वाईट, कारण त्याने सॉकेटातील नाजूक संपर्कबिंदूंना इजा होते. आणि पुढे कधी एएम4 वरचा कूलर काढावयाचा झाला, तर आधी यंत्र थोडा वेळ चालवून लेप कोमट होऊ द्यावा आणि कूलर हलकेच डाव्या-उजव्या बाजूस फिरवून सोडवावा. वाळलेल्या लेपाला चिकटून प्रोसेसर त्याच्या पायांसकट सॉकेटातून उपटून येतो, असे पुष्कळांच्या बाबतीत घडले आहे.

उत्तम पाठपट्टी लावली म्हणजे प्रवासाचा धोका संपूर्ण टळला, असेही कोणी समजू नये. मोठा कूलर असलेली पेटी गावाहून गावाला न्यावयाची झाली तर ती आडवी, म्हणजे कूलरचा मनोरा छताकडे तोंड करून उभा राहील अशी ठेवावी, आणि पार्सलाने धाडावयाची असेल तर कूलर काढून वेगळा बांधावा किंवा पेटीच्या आत त्याच्या भोवती भरपूर मऊ भर घालावी. भिलाईची पुष्कळ मुले शिक्षणासाठी रायपूर, नागपूर, पुणे येथे जातात आणि सुटीत संगणक बसच्या टपावर किंवा रेल्वेच्या बाकाखाली घालून परत आणतात. त्यांच्या वडीलधाऱ्यांनी एवढी काळजी घ्यावी.

परंतु सगळी जबाबदारी गिऱ्हाइकावर टाकून मोकळे होणे हा न्याय नव्हे. पैसे घेऊन जोडणी करणारा दुकानदार त्या जोडणीला बांधलेला आहे, आणि कायदाही हेच सांगतो. 20 जुलै 2020 पासून अमलात आलेल्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या 86 व्या कलमात, वस्तू जोडताना किंवा तपासताना वाजवी दक्षता न घेणे, किंवा कारखानदाराच्या वापराविषयीच्या सूचना गिऱ्हाइकापर्यंत न पोहोचवणे, आणि त्यापायी हानी होणे, यांसाठी विक्रेत्याला जबाबदार धरले आहे. त्या कायद्यात हानी या शब्दाचा अर्थ मर्यादित आहे आणि खुद्द वस्तूचे नुकसान त्यात धरलेले नाही हे खरे. तथापि सदोष सेवेबद्दल दाद मागण्याचा मार्ग त्याच कायद्याने वेगळा खुला ठेवला आहे. मला येथे दाव्यांची भलावण करावयाची नाही. मला एवढेच दाखवावयाचे आहे की जोडणी ही विक्रीबरोबर फुकट दिलेली किरकोळ मेहरबानी नसून, जिच्याबद्दल जाब विचारता येतो अशी सेवा आहे, हे संसदेने मान्य केले आहे. ते दुकानदाराने आणि गिऱ्हाइकानेही मान्य करावे.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली दुकानदारांना. जोडणीच्या पावतीवर प्रोसेसर, मेमरी यांच्या नावांबरोबर कूलर कोणत्या चौकटीने बसवला आणि पाठपट्टी लावली की नाही, याची एक ओळ लिहावी, आणि प्रत्येक भागाचे खोके, उरलेले स्क्रू व सूचनांचे कागद गिऱ्हाइकाच्या स्वाधीन करावेत. या ओळीला खर्च लागत नाही, पण ती लिहिणाऱ्याचा हात एक क्षण थांबतो आणि त्या क्षणात पुष्कळ चुका टळतात. दुसरी सूचना प्रशिक्षणसंस्थांना. आयटीआयमध्ये संगणक दुरुस्तीचे शिक्षण घेणाऱ्या मुलांना फिटरच्या कार्यशाळेत थोडे दिवस तरी उभे करावे, त्यांच्या हाती कानस, प्रशियन ब्लू आणि पाना द्यावा, आणि सपाटी, दाब व सांधा या तीन गोष्टी बोटांना कळल्यावर मगच त्यांना मदरबोर्डाकडे न्यावे. आज्ञावली शिकवणारी पुस्तके पुष्कळ आहेत. स्क्रू किती आवळावा हे मात्र पुस्तकातून येत नाही, ते जाणत्या हाताशेजारी उभे राहूनच येते, आणि तसे जाणते हात या भिलाईत जितके सापडतील तितके फार थोड्या गावांत सापडतील. निवृत्त झालेल्या कामगारांनी ही विद्या पुढील पिढीला देण्यासाठी आठवड्यातून एखादी सकाळ काढली, तर तिला नकार देणारी संस्था मला तरी कल्पिता येत नाही.

तिसरी सूचना आपल्या सर्वांना आहे. आपण संगणक विकत घेताना पंख्यावरील रंगीत दिवे पाहतो, काचेचे झाकण पाहतो, आतील आकडे विचारतो. परंतु यंत्र फिरवून त्याची पाठ पाहत नाही. दुकानदार वाईट असतो म्हणून पट्टी पिशवीत राहते असे नाही. जे कोणी विचारीत नाही ते हळूहळू करण्याचे थांबते, मग ते न करणे हाच शिरस्ता होतो, आणि त्या शिरस्त्यात वाढलेल्या नव्या कारागिराला पट्टी म्हणजे खोक्यात येणारा एक जादा तुकडा वाटू लागतो. चांगली कारागिरी ही कारागीर आणि गिऱ्हाईक या दोघांनी मिळून टिकवावयाची असते. एकाने प्रश्न विचारण्याचे सोडले की दुसऱ्याच्या हातातील कसब गळू लागते.

माझ्या भाच्याने पुढे त्याच्या दोन मित्रांचे संगणक स्वतः जोडून दिले, आणि दोन्ही वेळी पाठपट्टी लावण्याआधी त्याने ती मित्राच्या हातात देऊन हिचे काम काय आहे ते समजावून सांगितले. वाचकांनीही एवढे करावे. यंत्राचे पैसे मोजण्यापूर्वी दुकानदाराला मागचा पत्रा उघडावयास सांगावे, प्रोसेसरच्या पाठीमागे पट्टी आहे आणि चारही स्क्रू तिच्यात बसले आहेत हे आपल्या डोळ्यांनी पाहावे, आणि मगच झाकण लावू द्यावे.